समुद्राकडे पाठ

नेव्हिलला मी एकेचाळीस वर्षं ओळखते, आणि त्यातली चाळीस मी त्याच्यावर वैतागलेली आहे. माझ्या बहिणीचा, लोर्नाचा, तो नवरा. गोलबर्नमध्ये शाळेची बस चालवायचा. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचा नाही.

सव्वीस वर्षं आमची सुट्टी ठरलेली होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, कॅराव्हॅन, ते चाकांवरचं घर, गाडीला जोडायची आणि समुद्राकाठी मलेट क्रीकच्या कॅराव्हॅन-पार्कात एकतीस नंबरच्या जागेवर नेऊन लावायची. तिथून समुद्र दिसत नाही, मध्ये वाळूची टेकडी येते. समोर दिसतात ते संडास. पण शेजारी तेच, दरवर्षीचे. लोर्नाची टेगन तिथेच सायकल शिकली, आणि आता टेगनच्या दोन मुलीही तिथेच शिकल्या. अशी जागा मागून मिळत नाही. जानेवारीत निघताना ऑफिसात पुढच्या वर्षासाठी सही करायची, की जागा तुमची. नाही केली, तर यादीतल्या पुढच्या कुटुंबाची. लोक नऊ-नऊ वर्षं त्या यादीत ताटकळतात. कोणी मेल्याशिवाय जागा सुटत नाही, असं आम्ही म्हणायचो.

मागच्या जानेवारीत नेव्हिल सही करायला गेला आणि सही न करताच परत आला. लोर्नाला कधी सांगितलं? एप्रिलमध्ये! तोवर एकतीस नंबर एका खाटकाच्या कुटुंबाला देऊनही झाला होता.

"सव्वीस वर्षं समुद्रावर जातोय मी," तो म्हणाला, "आणि खुर्चीत बसून संडासाचं दार बघतोय. एकदा तरी मला चहा पिताना समुद्र बघायचाय."

"मग आधी तोंडातून शब्द काढायचा!" लोर्ना कडाडली. "जागा काय तुझ्या एकट्याच्या बापाची होती?"

त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्याला कारण होतं. त्या जानेवारीच्या थोडं आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे आणि तो वाढत जाणार. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाडी चालवशील, मग लायसन्स विसर. त्यापुढे माणसांचे चेहरे तरी दिसतील का, याचीही खात्री नाही. म्हणजे येणारी सुट्टी ही त्याने कॅराव्हॅन ओढत नेलेली शेवटची, आणि समुद्र धड दिसण्याचीही शेवटचीच. हे कळल्यावर लोर्ना रडली. मग डोळे पुसून पुन्हा भांडली.

तो सगळा हिवाळा त्या घरात पाय ठेवायची सोय नव्हती. जेवणाच्या टेबलावर नकाशे, माहितीपत्रकं, छापून आणलेले फोटो. नेव्हिल भिंग घेऊन त्यावर ओणवा. उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय! एका ठिकाणी समुद्र छान, पण पाण्याचा नळ लांब. एका ठिकाणी नळ जवळ, पण खाडीचे डास. तिसऱ्या ठिकाणी सगळं उत्तम, तर कुत्रा चालत नाही. आणि यांचा कुत्रा चार वर्षांपूर्वीच गेला!

"अरे, कुत्रा आहे कुठे?" मी म्हटलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, ग्वेन."

कपाळ माझं. लोर्ना कधी म्हणायची, "आण इकडे, बारीक अक्षर मी वाचते." लगेच तो कागद छातीशी धरायचा. "मला अजून दिसतं. आंधळा झालो की सांगेन." मग तीही तोंड फिरवायची.

शेवटी ऑगस्टमध्ये त्याला विडोज पॉइंट सापडलं. उंच कड्यावरचं पार्क, पूर्वेला नुसतं पाणी. कड्याच्या अगदी टोकाला, गल्लीच्या दोन बाजूंना समोरासमोर, आठ आणि नऊ नंबरच्या जागा मोकळ्या होत्या.

"ग्वेन, आठ की नऊ?"

मी त्या दिवशी रविवारचं जेवण घेऊन ताटकळत उभी होते. गरम भांडं हातात, टेबलावर टीचभर जागा नाही. "कुठलीही घे बाबा," मी म्हटलं, "पण हा पसारा उचल!"

त्याने नऊ घेतली, कारण आठवर एक झाड होतं.

सव्वीस डिसेंबरला आम्ही पोचलो, टेगन आणि तिच्या मुलीही. कॅराव्हॅन मागे घेऊन लावणं म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोच्या संसाराची परीक्षाच. लोर्ना मागे उभी राहून हात हलवत होती, नेव्हिलला आरशात ती नीट दिसत नव्हती, आणि दिसत नाही हे तो कबूल करत नव्हता. "डावीकडे घे! अरे, डावीकडे!" आख्खं पार्क खुर्च्या टाकून बघत होतं. पाचव्या खेपेला गाडी जागेवर बसली. नेव्हिल उतरला, टाळ्या वाजवल्या लोकांनी. त्याने दाराबाहेरचं कापडी छप्पर ओढून काढलं, खाली त्याची खुर्ची मांडली, ऐसपैस बसला आणि समोर बघितलं.

समोर संडास होते.

आपल्याकडच्या प्रत्येक कॅराव्हॅनचं दार डाव्या अंगाला असतं, हे नेव्हिलइतकं कोणाला माहीत? जन्म गेला त्यात. पण विडोज पॉइंटला नियम होता: कॅराव्हॅनचं तोंड गल्लीकडेच हवं. नऊ नंबरवर तोंड गल्लीकडे केलं की दार पश्चिमेला येतं आणि समुद्र दाराच्या विरुद्ध बाजूला. तिकडच्या अंगाला कपाट, फ्रीज आणि सिंक. समोरच्या आठ नंबरवर बरोबर उलट. तिथलं कुटुंब झाडाखाली पाय पसरून समुद्र बघत कलिंगड खात बसलं होतं.

नेव्हिल ऑफिसात गेला, पाठोपाठ मी. तिथल्या बाईने शांतपणे सांगितलं, "वणवा आला तर सरळ ओढून बाहेर पडता आलं पाहिजे. गाडी उलटी लावता येणार नाही. नकाशात प्रत्येक नंबरापाशी बाण दाखवलाय की."

तिने नकाशा पुढे केला. होता बाण. मुंगीएवढा. नेव्हिलने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, तिरपा केला. मग घडी घालून परत दिला.

आठ नंबरवाल्याला मी स्वतः जाऊन विचारलं, जागा बदलता का म्हणून. डोळ्यांचंही सांगितलं, लाज सोडून. तो चुळबुळला. "वाईट वाटतं हो ऐकून. पण आमची म्हातारी या झाडासाठीच आलीय." म्हातारी खरंच झाडाखाली घोरत होती. मी परत फिरले.

"गाडीच्या पलीकडे खुर्ची टाका ना बाबा," टेगन म्हणाली. पलीकडे कड्याच्या कुंपणापर्यंत वीतभर जागा, आणि वारा असा की पहिली खुर्ची उचलून कुंपणापलीकडेच गेली. कड्यावर एक बाक होता, तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग.

"तेलही गेलं, तूपही गेलं," लोर्ना म्हणाली. "मी म्हणत होते, मी वाचते. म्हणत होते की नाही?"

"हो. म्हणत होतीस."

एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मुली कंटाळल्या, मलेट क्रीकच्या मैत्रिणींची नावं काढून कुरकुरू लागल्या. टेगन म्हणाली, आपण लवकर निघू या. आणि मला राहून राहून ते गरम भांडं आठवत होतं. दोन मिनिटं ते खाली ठेवून नकाशा बघितला असता तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर मी खरकटी भांडी टबात भरत होते. आमच्याकडे भांडी पार्काच्या सामायिक मोरीवर नेऊन धुतात. गाडीतल्या सिंकात आम्ही बटाटे ठेवतो. नेव्हिलने माझ्या हातातला टब घेतला. "मी धुतो."

"तू?" एकेचाळीस वर्षांत या माणसाने चमचा विसळला नव्हता.

तो आत गेला, सिंकातले बटाटे बिछान्यावर ओतले आणि नळ सोडला. सिंकावर एक खिडकी आहे, ताटाएवढी. मी दारातून बघत राहिले. त्याने मान जराशी वाकडी केली होती. सरळ बघितलं की मधला डाग समुद्र खाऊन टाकतो, तिरकं बघितलं की काठाकाठाने दिसतो, हे त्याने मला नंतर सांगितलं. एक बशी घेऊन तो गोल-गोल पुसत होता, कधीच स्वच्छ झालेली. खिडकीत पाणी चमकत होतं. एक बोट गेली तर बशीसकट त्याचा हात थांबला.

मग भांडी संपली. त्याने टबात हात फिरवून पाहिला. काहीच उरलं नव्हतं.

लोर्ना बाहेर छपराखाली माझ्या शेजारी उभी होती. बाहेरच्या कपाटातून तिने धुतलेले चार कप काढले, जामच्या बरणीत चमचा घातला, चारही कपांना आतून जाम फासला आणि दारातून आत हात घातला.

"हे राहिले होते," ती म्हणाली. दोन दिवसांतला पहिला शब्द.

"अगं, ते तर—" मी बोलून गेले. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ आवरली.

"काय माणसं आहेत," आतून नेव्हिलचा आवाज आला, "किती कप लागतात तुम्हाला!" आणि नळ पुन्हा सुरू झाला.

माझ्या हातात चहा होता, अर्धाअधिक, अजून गरम. मी तो गवतावर ओतला आणि कप आत दिला.