मी न घेतलेल्या नऊ मुलाखती

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की आपण कधी असल्या गोष्टी मानल्या नाहीत. माझं तर त्याहून पुढचं आहे. मी असल्या गोष्टी बनवतो. गोंडपिपरी ते अहेरी रस्त्यावर बिनमुंडक्याचा सायकलवाला दिसतो असं तुम्ही ऐकलं असेल, तर तो माझा. पानठेल्यावर बसून अर्ध्या तासात बनवला होता. सहा महिन्यांनी एका कंडक्टरनं तोच मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला म्हणून सांगितला, वर सायकलची कंपनीपण सांगितली! भुतांच्या कारखान्यातला कामगार भुताला कसा भिणार? बायको म्हणते, यांचं अर्धं कापून ऐका. एरवी कापाच... पण आज जे लिहितोय त्यातलं काही कापू नका.

माझा धंदा सर्व्हेचा. कुठं खाण, कारखाना, मोठा रस्ता यायचा असला की आधी एक जाडजूड रिपोर्ट लागतो. इथलं पाणी कसं, हवा कशी, माणसं किती, आणि प्रकल्प आला तर त्यांचं काय होईल. पर्यावरणीय व सामाजिक परिणाम मूल्यांकन असं त्याचं भारदस्त नाव. नागपूरची एक फर्म हे रिपोर्ट करायची आणि मी त्यांचा फील्डवरचा माणूस. घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. गडचांदूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीसाठी मी पक्ष्यांची यादी दुसऱ्याच रिपोर्टातून उचलली होती. त्यात समुद्रावरचे दोन पक्षी तसेच राहिले. कोरपना तालुक्यात समुद्र कुठी आहे असं कोणीही विचारलं नाही. रिपोर्ट पास.

तर प्राणहितेच्या खोऱ्यात जमिनीखाली तेल किंवा वायू असावा अशी शंका एका कंपनीला आली आणि चाचणीची एक विहीर खोदायची ठरली. जागा अहेरीहून दक्षिणेला. डांबर संपतं, मग मुरमाचा रस्ता, मग नाला, नाल्यापलीकडे साग-सालईचं जंगल, आणि मग माडिया आदिवासींची एकतीस घरं. गावाला पुसटोला म्हणू, खरं नाव वेगळं आहे. गावाच्या उगवतीला मोहाचं एक प्रचंड झाड, आणि त्याच्याखाली उभे दगड. कोणी मेलं की त्याच्या नावानं दगड उभा करायची तिथली रीत. दगड म्हणजे कोरीव काम वगैरे काही नाही, नावपण नाही. पण कोणता कोणाचा हे गावाला पाठ. यंत्रं यायचा रस्ता आणि विहिरीची जागा, दोन्ही नेमकी त्या दगडांवरून जात होती.

गाव नाही म्हणत होतं, आणि त्यात सगळ्यात पुढे रैनीबाई. साठीची, काटकुळी, एकटीच राहणारी. आखणीवाल्यांनी खुंट्या ठोकल्या की ही मागून जाऊन उपटायची, आणि घरी नेऊन चुलीत घालायची. मला पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, "तुमची खुंटी चांगली जळते. आणखी आणजो." बाजारापुरती मराठी तिला येत होती आणि टोमणे मारायला ती भरपूर पुरत होती.

मी गेलो तो मे महिना. तेंदूपत्त्याचा हंगाम, म्हणजे गावात कुत्री आणि कोंबड्या. लोक पहाटेच जंगलात. आमच्या साहेबानं नागपूरहून फर्मान सोडलेलं की चाळीस कुटुंबांचे फॉर्म पाहिजेत, कारण तक्त्यात चाळीस आधीच टाइप झालेत. गावात घरं एकतीस! चार दिवस जंगलात लोकांच्या मागं फिरून मी तेवढे कसेबसे भरले. माझ्यासोबत दुभाषी म्हणून मनकूभाऊ होता, याच गावचा, आश्रमशाळेत स्वयंपाकी, चाळिशीचा, कमी बोलणारा. पाचव्या दिवशी त्याला ताप चढला, म्हणून त्याला मोटरसायकलवर अहेरीला दवाखान्यात पाठवून दिला. उरलो मी आणि नऊ कोरे फॉर्म.

मग काय करणार... मोहाखाली बसलो, एका दगडाला पाठ टेकवली आणि माणसं बनवायला सुरुवात केली.

खोटं सांगत नाही, असा हात माझा कधीच चालला नव्हता. एरवी खोटा फॉर्म भरायचा म्हणजे वय, जमीन, जनावरं, सही, संपलं. त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यातसुद्धा जागा पुरेना. लालसू, वय पंचावन्न, डाव्या पायाची दोन बोटं अस्वलानं खाल्ली. कुम्मे, वय साठ, मिरची तोडायला तेलंगणात गेली, परत आली ती बोलायचीच बंद झाली. दोगे, बंद पडलेलं घड्याळ हातात घालतो आणि कोणी वेळ विचारली की आभाळाकडे बघून सांगतो. मी हसत होतो एकटाच. काय लेका, काय माणसं काढून राह्यला तू! अशी नऊ. आणि साहेबाला खूश करायला नवांपुढेही लिहिलं: प्रकल्पास सहमती.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, नंतर मनकूभाऊनं सांगितलं. त्या गावात मोठी गोष्ट ठरवायची तर आधी मेलेल्यांना विचारतात. पुजारी दगडांपाशी बसतो, विचारतो, आणि गाव उत्तराची वाट बघतं; ते कोणाच्याही तोंडून येऊ शकतं. ते हो म्हणाले तर जित्या माणसाला नाही म्हणता येत नाही. काहीच बोलले नाहीत तर त्याचा अर्थ नाही. या विहिरीबद्दल गावानं तीनदा विचारलं होतं, तिन्ही वेळा उत्तर आलं नव्हतं. गावाचा सगळा विरोध उभा होता तो त्या गप्प बसण्यावर.

पावसाळा सरत आला, धान पोटरीत असताना ग्रामसभा लागली. सकाळी अकरा वाजता, गोटुलमध्ये, म्हणजे गावाच्या सभाघरात. कंपनीचा एक अधिकारी, तालुक्याचा एक, मी, आणि सगळं गाव. चैतू पाटील म्हणजे गावाचा म्होरक्या, शांत माणूस. रिपोर्टाचा गोषवारा वाचल्यावर तो म्हणाला की घरं एकतीस आहेत, कागदात चाळीस कशी आली, वरच्या नवांची नावं वाचा. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, शेजारच्या पाड्यावरचे म्हणून सांगायचं. दोन गावांच्या मधात कोण मोजायला जातो?

वाचायला लागलो. लालसू, वय पंचावन्न, डाव्या पायाची दोन बोटं...

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं एकमेकांकडे वळले. मला वाटलं, पकडला गेलो. कुम्मेचं वाचलं. एका म्हाताऱ्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. दोगेच्या घड्याळाचं वाचलं तेव्हा मागं एक बाई रडायला लागली. मनकूभाऊनं माझ्या दंडाला धरलं आणि हळूच विचारलं, "हे तुले कोणं सांगतलं, भाऊ?"

"कोणी नाई. काऊन?"

"लालसू माह्या बापाचा काका. मी जलमायच्या आधी मेला."

पाटलानं हातानं थांबवलं आणि सगळ्यांना बाहेर घेऊन गेला, मोहाखाली. तिथं परत पहिल्यापासून वाचायला लावलं. मी एकेक नाव वाचायचो आणि गावातलं कोणी ना कोणी पुढं होऊन एका दगडावर हात ठेवायचं. आठ नावं, आठ दगड.

नववा फॉर्म वाचायची माझी इच्छा नव्हती. बिरजू, वय तेवीस, लग्न नाही. सहमती. अट: आईला नाल्यावरून पाणी आणवत नाही, घराजवळ हँडपंप द्या.

रैनीबाई पुढं आली. मी ज्या दगडाला मे महिन्यात टेकून बसलो होतो, त्याच्यासमोर ती उभी राहिली. बिरजू तिचा पोरगा, पाचेक वर्षांपूर्वी तापानं गेलेला.

"तू इथी बसला होता ना तवा?" तिनं विचारलं. "पाठ कोणाले टेकवली होती?"

मी दगडाकडे बोट केलं.

ती खाली बसली आणि दगडाच्या बुडाशी उगवलेलं गवत उपटत राहिली, एकेक काडी. जिनं वीस-बावीस खुंट्या जाळल्या ती बाई.

मग मी आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. भर सभेत खरं बोललो. म्हणालो की हे मी बनवलं आहे, फॉर्म कमी पडत होते म्हणून बनवलं, मला कोणी काही सांगितलं नाही, सहमतीपण मीच लिहिली, साहेबासाठी लिहिली. कंपनीचा अधिकारी माझ्याकडे असा बघत होता की तिथंच मला विहिरीत टाकावं. पाटलानं शांतपणे ऐकून घेतलं.

"लालसूच्या पायाचं बनवलं?"

"हो."

"बनवलं तर बरोबर कसं निघालं?"

मी कागद चाळायला लागलो. पाटील म्हणाला की तू लेखणी होता, लेखणीले काय समजते कोण लिहून राह्यलं. लोकांनी माना हलवल्या.

मला वाटलं, खऱ्यानं भागत नाही तर आपलं जुनं हत्यार काढू. मी सांगितलं, थांबा, मी पुन्हा विचारून येतो. एकटाच दगडांमध्ये जाऊन बसलो, डोळे मिटले, तोंडानं पुटपुटलो, सगळं नाटक केलं. परत येऊन जाहीर केलं की त्यांनी विचार बदलला आहे, नऊच्या नऊ आता नाही म्हणतात. माझ्या उभ्या आयुष्यातली ही एकच थाप अशी, जी कोणाच्या भल्यासाठी होती.

रैनीबाईनं मान वर केली. "बिरजू काय बोलला? त्याच्या बोलण्यात सांग."

मी तोंड उघडलं. मी, ज्यानं पानठेल्यावर अर्ध्या तासात माणूस मारून सायकलवर बसवला... मला एक शब्द सुचेना. डोकं असं कोरडं की आपलं स्वतःचं नाव आठवायला वेळ लागावा. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"आता लबाड बोलून राह्यला हा," ती म्हणाली. रागानं नाही. बाजारात खोटं वजन ओळखावं तसं. उठली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे चालत गेली, पहिला अंगठा तिनंच दिला. चार वाजेपर्यंत संमतीचा ठराव झाला.

दगड गावानंच हलवले. कंपनी यंत्र देत होती, पण पाटील नको म्हणाला. बांबूला बांधून, चार-चार जणांनी खांद्यावर घेऊन, टेकडीच्या मागं नेऊन उभे केले. मी नागपूरला लेखी दिलं की माझे नऊ फॉर्म खोटे आहेत. साहेबाचा फोन आला, म्हणाला, ग्रामसभेचा ठराव जोडला आहे, आता फॉर्माला कोण विचारतं, आणि तू उद्यापासून येऊ नको. बरं झालं.

यंत्रं आली, मोह कापला गेला, एक हिवाळा आणि एक उन्हाळा जमीन खणत राहिले. काही लागलं नाही. भोकावर सिमेंटचं बूच मारलं आणि निघून गेले. खोदकामाचा गाळ साठवलेला खड्डा पहिल्याच पावसात फुटला आणि गाळ नाल्यात उतरला. मासे गेले. त्या पावसाळ्यापासून गाव अर्ध्या कोसावरच्या एका झऱ्यावरून पाणी आणतं.

हँडपंप मात्र बसवला, रैनीबाईच्या दारात, अट होती ना.

लोक मला कारणं सुचवतात. नावं तिकडे तीच ती असतात, खरं आहे. लोकांच्या मागं फिरताना काहीतरी कानावर पडलं असेल, असू शकतं... पण मला माडिया येत नाही, आणि मनकूभाऊ शपथेवर सांगतो की तो कधी असलं काही बोलला नव्हता. लालसूच्या बोटांबद्दल गावातल्या अर्ध्या तरुणांनाही माहीत नव्हतं. आणि समजा ऐकलं असेल, तर हँडपंपाचं? ते बिरजू फक्त आईशी बोलायचा, घरात. आणि कोणी मेलेलं खरंच बोललं असेल, तर ते हो काऊन म्हणाले? की ते फक्त आपली ओळख सांगत होते, आणि सहमती तेवढी माझी? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचा आवाजही येत नाही.

मागच्या महिन्यात गेलो होतो. हँडपंपाचं पाणी पिवळं येतं, वास मारतं, बादलीत तवंग धरतो. गावानं ते केव्हाच सोडलं. रैनीबाई एकटी पिते. तिचे पाय सुजले आहेत, पोट दुखतं म्हणते. मी म्हटलं, बाई, हे पिऊ नको, मी झऱ्यावरून आणून देतो, मनकूभाऊ रोज आणून देईल.

"माह्या पोरानं मागून देल्लं पाणी हाय," ती म्हणाली. "त्याले नाई कशी म्हणू?"

मग तिनं पंप हापसला, लोटा भरला आणि आल्या पाहुण्याला देतात तसा माझ्यापुढे धरला. मी लोटा घेतला आणि प्यालो.