रत्नव्वाची ओली भुई

अडुसष्ट साली आमच्या कोडोलीकडच्या चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली, म्हणून आत शहाबादी फरशी बसवली. सगळी मंडळी खूश, एकटी रत्नव्वा तेवढी हिरमुसलेली. दर शनिवारी चर्चची जमीन शेणानं सारवायची, हीच त्या बाईची देवाला वाहिलेली सेवा. आता ती कुणाला हवी?

पंचाहत्तरीच्या सणाच्या सकाळी सवयीनं ती शेणकाल्याची बादली घेऊन आली आणि फरशी बघून दारातच थबकली.

माझी बायको लीला म्हणाली, "अगं, देव काय फरशीवरच बसतोय व्हय? अंगणात प्रीतिभोजनाच्या पंगती बसायच्यात. धुरळा बघ किती!"

"व्हय की!" रत्नव्वानं पदर खोचला आणि उपासना संपेपर्यंत अख्खं अंगण सारवून काढलं.

उपासना चालवायला कोल्हापूरहून आलेले म्हातारे पाळक पांढऱ्याशुभ्र धोतरात सगळ्यांच्या आधीच अंगणात पंगतीला बसले.

रत्नव्वा ओरडली, "उठा पावणं, अजून वलं हाय!"

पाळक मनापासून हसले. "असू दे बाई. माझा बाप्तिस्मा असल्याच भुईवर झाला. ती आज परत दाखवलीस, तुझे उपकार. बसा रे सगळे!"

मग कोण थांबतंय! रत्नव्वानं हात धुतले आणि डोळे पुसत भाताची परात उचलली.