ओलेटाची तपकिरी पर्स

पडदा वर जातो. स्वयंपाकघराची भिंत. भिंतीवर तीन खुंट्या आणि त्यांवर तीन पर्स टांगलेल्या. एक जाड तपकिरी कातड्याची, दुसरी निळी, तिसरी पांढरी, रविवारी चर्चला न्यायची. बाहेरून शेळ्यांचा ओरडा. दार उघडतं आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, सत्तरी ओलांडलेली एक बाई घाईघाईने प्रवेश करते. ही आमची ओलेटा स्टबलफील्ड.

तपकिरी पर्समध्ये पिस्तूल असतं, बाकीच्या दोन्हींत नसतं. एवढं कळलं की ओलेटा निम्मी कळली.

टेक्ससमधल्या आमच्या गावात परवाना काढून पिस्तूल झाकून बाळगणारे पुष्कळ. ओलेटाला तिचं पिस्तूल नवऱ्याने, वॉल्टरने, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भेट दिलं. "मी कानातलं मागितलं होतं," ती सांगायची, "तर म्हणाला, कानातल्याला बघून कोल्हे पळत नाहीत." वॉल्टर गेला. ती शेळ्या घेऊन गावापासून चौदा मैलांवर एकटी राहिली. पण जिथे दारावर शस्त्रबंदीची पाटी असेल तिथे जाताना ती पर्स बदलायची. दवाखान्यात निळी, शाळेत निळी, चर्चमध्ये पांढरी.

आमच्या नाट्यमंडळाच्या दारावर अशी पाटी लावायची वेळ आली ती विमा कंपनीच्या हट्टामुळे. मी चाळीस वर्षं त्या रंगमंचावर तोंडाला रंग फासला. राजे केले, चोर केले, एकदा तर घोड्याचे मागचे पाय केले. पाटी रंगवायचं कामही मीच अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ओलेटा शिवणाची टेप घेऊन दारात हजर.

"नटवर्य, अक्षरं पाऊण इंचाची आहेत."

"मग?"

"कायद्याने एक इंचाची लागतात. माझ्यासारखीला अडवायला ही पाटी कामाची नाही. नुसती शोभा आहे."

"म्हणजे तू आता पिस्तूल घेऊन आत येणार?"

"वेडा की काय? तुला नको आहे ना? मग संपलं. पण लावायचीच तर धड लाव. लोक हसतील."

आणि ती शिडीवर चढली. पिस्तूल बाळगायच्या हक्कासाठी गावच्या सभेत तासभर भांडणाऱ्या त्या बाईने, पिस्तूल आणू नये अशी आमची पाटी इंच मोजून, कायद्याला लागते तशी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत रंगवून दिली. तिच्या मते यात विसंगती काही नव्हतीच.

आता दुसरा प्रवेश. शाळेचं सभागृह, मे महिना, संध्याकाळचे सव्वासहा. मुलांचं नाटक मी बसवलेलं. ओलेटाची नात मार्ली, वय वर्षं दहा, त्यात वाऱ्याचं काम करणार होती. चार वाक्यं. पण ही मुलगी बोलताना अडखळायची. वर्गात हात वर करायचीच नाही. सबंध वसंत ऋतूभर तिने ती चार वाक्यं रोज संध्याकाळी आजी शेळ्यांचं दूध काढत असताना तिच्यासमोर म्हटली होती. मला मात्र तिने स्पष्ट सांगितलं होतं, "आजी दिसली तर बोलेन. नाही दिसली तर नुसतीच फुंकर मारेन."

त्या दिवशी नेमकी एक शेळी व्यायली. दोन करडं, त्यातलं एक आडवं. ओलेटाने हात धुतले, कपडे बदलले आणि खुंटीवरची पर्स ओढून ट्रक पळवला. शाळेच्या पायऱ्यांवर मला द्यायला म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या काढायला गेली आणि तिचा हात पर्समध्येच थांबला.

"अरे देवा. तपकिरी आणली."

"ट्रकमध्ये ठेव आणि चल."

"ट्रकला कुलूप कुठाय? बोकडाने धडक दिल्यापासून दार तारेने बांधलंय. इथे शंभर पोरं हुंदडतायत."

मी मग जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. "चल गं आत. तुझी पर्स तपासणार कोण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चुकीच्या वेळी एंट्री घेतलेला नट वाटलो असेन. "पाटी तपासणाऱ्यासाठी असते होय?"

"बरं, मग दे माझ्याकडे."

"तुला तर आतच जायचंय! आणि तू रंगमंचावर लाकडी तलवार दोनदा पाडलीस, मी पहिल्या रांगेत होते."

दारावर शेरीफच्या कचेरीतला पोलीस उभा होता, लॅमार. तिने त्याला विचारलं. तो बिचारा घामाघूम झाला.

"ओलेटामावशी, माझ्याकडे दिलंत तर मला ते कचेरीत नेऊन नोंद करावी लागेल. कचेरी बारा मैल. मी दार सोडू शकत नाही."

समोरचं औषधाचं दुकान बंद. खाद्य-बियाण्याचं दुकान बंद. सारा गाव आत खुर्च्यांवर बसलेला. घरी जाऊन यायला पाऊण तास, आणि वारा पंचवीस मिनिटांत रंगमंचावर येणार.

ओलेटाने सभागृहाच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आतलं थंड हवेचं यंत्र बिघडलंय ना? खिडक्या उघड्या आहेत?"

"उघड्या आहेत, पण काळे पडदे लावलेत. दुसरा प्रवेश घनदाट जंगलाचा आहे. अंधार पाहिजे."

"कुंपणाच्या बाहेरचा रस्ता शाळेचा नाही. काउंटीचा, सरकारी आहे. तू फक्त पडदा सरकव."

मी तो अंधार तीन आठवडे खपून तयार केला होता. निळे दिवे, हिरवे दिवे, कागदाची झाडं. पण मार्लीचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि मी आत धावलो.

वारा रंगमंचावर आला. अंगाला करड्या रंगाच्या फिती, ओठ घट्ट मिटलेले. पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली. आजी नाही. "म... म..." एवढंच निघालं. मागे कोणीतरी खोकलं. मी पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दोन्ही हातांनी ओढला. संध्याकाळचं ऊन सरळ माझ्या जंगलात घुसलं. कागदाची झाडं कागदाची दिसायला लागली. प्रेक्षक डोळे चोळू लागले.

आणि खिडकीबाहेर, रस्त्याकडेला, ट्रकच्या हौद्यात, गवताच्या भाऱ्यावर ओलेटा उभी! डोक्यावर हॅट, तपकिरी पर्स पोटाशी घट्ट धरलेली, आणि दुसरा हात हवेत, दूध काढताना हलतो तसा, एका लयीत वर-खाली.

मार्लीने ते पाहिलं. त्या हाताच्या लयीवर तिने पहिलं वाक्य म्हटलं. मग दुसरं. चौथ्या वाक्याला तर ती खिडकीकडे तोंड करून अशी गरजली, की सबंध सभागृह मान वळवून बाहेर बघू लागलं. लॅमारने टोपी काढली. टाळ्या आत पडत होत्या आणि बाहेर ती म्हातारी वाकून त्या स्वीकारत होती, जणू भूमिका तिचीच.

नाटक संपल्यावर मार्ली फिती उडवत, कुंपणाचं फाटक ढकलून ट्रककडे धावली. मी मागोमाग.

"आजी! ऐकू आलं? चारही वाक्यं?"

ओलेटा भाऱ्यावरून सावकाश खाली उतरली, नातीच्या कपाळावरचा रंग अंगठ्याने पुसला आणि म्हणाली, "इतक्या लांबून एक अक्षर ऐकू आलं नाही बाई. पण तोंड कुठे अडलं नाही, ते मी बघितलं."