डाव्या पानावरचं पत्र

नील आणि ईरा,

तुमच्या लहान आबांना जाऊन सहा आठवडे झाले. तेरवीला तुम्ही दोघं तिकडून व्हिडिओ कॉलने पडद्यावर हजर होतात आणि नील, तू सगळ्यांसमोर एक आठवण सांगितलीस. “आबा आणि मी ‘सूर्यकोट’ सिनेमावरून वर्षानुवर्षं भांडलो, पण शेवटी आबा माझ्या बाजूने आले. त्यांचं पत्रसुद्धा कंपनीने छापलं.” सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. मी खुर्चीत बसून राहिले. मला तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. आबा तुझ्या बाजूने कधीच आले नव्हते, नील. त्या पत्राचा शेवट त्यांचा नव्हता... माझा होता. ते पत्र चारचौघांत छापलं गेलं, म्हणून ही कबुलीही मी चारचौघांतच, वर्तमानपत्राच्या या पुरवणीत, छापायला दिली आहे.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लहान आबा म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. ते आणि तुमचे आजोबा मूळचे कुहीकडचे, धानाच्या शेतीतले. आजोबा शिकून नोकरीला लागले. भाऊजी नागपुरात आले ते एका टॉकीजच्या तिकीट खिडकीवर बसले आणि टॉकीज बंद पडेपर्यंत तिथेच बसले. त्या खिडकीला एक हात जाईल एवढंच भोक होतं. “मले माणसाचा चेहरा दिसतच नाही वहिनी, हातच दिसते,” ते म्हणायचे. म्हणून पिक्चर सुटायच्या वेळी ते मुद्दाम खिडकी लावून दाराशी जाऊन उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघत. त्यांचं सगळं शिक्षण त्या दाराशी झालं. माझं धरमपेठेतल्या इंग्रजी शाळेत झालं आणि पुढे मी तीच भाषा जन्मभर शिकवली. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. भाऊजींचा चष्मा कधी फ्रिजवर सापडायचा, कधी तुळशीपाशी. तुमचे आजोबा गेल्यावर बेसा भागातल्या या घरात आम्ही दोघंच उरलो, आणि एकमेकांशी फारसं न बोलता नीट राहिलो.

‘सूर्यकोट’चा पहिला भाग त्यांनी तीनदा पाहिला. मला एकदा जबरदस्तीने नेलं. मला त्यात लढाया फार वाटल्या, पण तो भैरू नावाडी मलाही आवडला. दुसऱ्या भागाच्या शेवटी शत्रूचं सैन्य पलीकडे जाऊ नये म्हणून भैरू आपलीच नाव मधल्या धारेत फोडतो आणि बुडतो. त्यानंतर देशभर जे सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे. ‘भैरूला परत आणा.’ दिग्दर्शक म्हणाला, मेलेला माणूस मेलेलाच राहील. कंपनी म्हणाली, प्रेक्षक सांगतील ते होईल. आमच्या घरामागच्या बागेतल्या बाकाभोवती रविवारी सकाळी आठ-दहा चाहते जमायचे. औषधाचं दुकान चालवणारे वानखेडे, कॉलेजात शिकणारी पल्लवी, आणि सर्वांत म्हातारे भाऊजी. त्या बाकावर एकटे भाऊजी दिग्दर्शकाच्या बाजूने असत. बाकी सगळे भैरूच्या.

आणि नील, तू तिकडून फोनवर. तुमचं ते एक भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. तू म्हणालास, “आबा, फॅन्समुळेच पिक्चर चालतो ना? मग फॅन्सचं ऐकायला नको?”

“चालते ना बाबू. बंडी बी बैलामुळेच चालते. म्हणून का बैलाले रस्ता विचारतेत?”

“म्हणजे आम्ही बैल?”

“मी बी बैलच आहो. तुझ्याहून म्हातारा.”

तू हसलास, ईरा पलीकडून ओरडली की तीही बैल आहे. मग भाऊजी गंभीर झाले. “पाय नील, मी खिडकीवर बसलो तेवढे दिवस एकच गोष्ट शिकलो. पब्लिक जे मांगते ते देलं, का पब्लिकच रागावते. अन् घरी जाऊन म्हणते, आमाले हे नव्हतं पाहिजे.”

प्रत्येक भागानंतर ते दिग्दर्शकाला पत्र लिहीत. त्याची आमची एक पद्धत ठरली होती. एक फुलस्केप वही होती. डाव्या पानावर ते आपल्या बोलीत, जसं तोंडात येईल तसं लिहीत आणि वही माझ्या टेबलावर ठेवून जात. मी उजव्या पानावर त्याचं इंग्रजी करी, त्यांना वाचून दाखवी आणि मग टाइप करून पाठवी. त्यांना इंग्रजी थोडंच कळे. डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “तुम्ही लिहिलं म्हणजे बराबर.” मी बैल गाळत असे. ‘बोंबलणे’चं ‘विनंती करणे’ करत असे. दुसऱ्या भागानंतर दिग्दर्शकाचं दोन ओळींचं उत्तर आलं, तुमचं पत्र वाचलं, असंच मोकळेपणाने लिहीत राहा. ते उत्तर छापून त्यांनी वहीत चिकटवलं आणि आठवडाभर वही बाकावर नेली.

चौथ्या भागाआधी कंपनीने प्रेक्षकांकडून पत्रं मागवली. भैरू परत यावा की नाही. भाऊजींनी दोन दिवस खपून डावं पान भरलं. भैरूला मरू द्या, असं स्पष्ट लिहिलं. पण त्यामागचं कारण म्हणून शेवटी पाच वाक्यं होती, ती तुमच्या आजोबांच्या जाण्याबद्दल. मी ती वाचली आणि वही मिटून ठेवली. त्या मृत्यूबद्दल आम्ही दोघं या घरात कधी एक शब्द बोललो नव्हतो. आता तो एका सिनेमा कंपनीला कळवायचा, आणि तोही माझ्या हाताने... मी स्वतःला सांगितलं, हे औपचारिक पत्रात शोभत नाही. ती वाक्यं काढली. ती काढल्यावर बाकीचं पत्र उगाच कठोर वाटू लागलं. त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता, नील. “आजी, इंग्रजी तूच लिहितेस ना? थोडं आमच्या बाजूने लिही ना गं.” यात तुझा दोष नाही. तू गंमत केलीस. मी वयाने मोठी होते. मला वाटलं, सिनेमाच तर आहे, मुलं लांब आहेत, खूश होतील. ‘मरू द्या’ काढून मी लिहिलं की या पात्रावर सर्वांचंच प्रेम आहे, ते परत आलं तर आम्हाला आनंदच होईल. भाऊजींना वाचून दाखवलं तेव्हा नेहमीपेक्षा जरा भरभर वाचलं. ते म्हणाले, “बराबर.”

दोन महिन्यांनी कंपनीने ‘भैरूला परत आणणारी पत्रं’ म्हणून काही पत्रं जाहीर केली. त्यात नागपूरचं एक होतं, भाऊजींच्या पूर्ण नावासह. रविवारी पल्लवीने ते फोनवर उघडलं आणि सगळ्यांसाठी मराठी करत मोठ्याने वाचलं.

त्या दिवशी ते लवकर घरी आले. मी भाजी निवडत होते. ते समोर बसले.

“वहिनी, माझ्या पत्राचा शेवट तुम्ही बदलवला?”

“हो.”

“काहून?”

मी खरं उत्तर देऊ शकले असते. मी म्हणाले, “तसं लिहायची पद्धत नसते, भाऊजी.”

 ते थोडं हसले. “तुम्ही बी कंपनीच निघाल्या नं वहिनी.” उठले, आतल्या खोलीत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा माझा चहा केला, कपावर बशी झाकून ठेवला. मी माफी मागितली नाही. एखादा बरा दिवस बघून मागू, असं ठरवलं. माझं सगळं असंच असतं, वेळ ठरवून.

त्यानंतर ते बाकावर गेले नाहीत. तुमच्या फोनवर आले की हवापाण्याचं बोलून फोन माझ्याकडे देत. नील, तुला वाटलं, हरले म्हणून लाजतात. वही माझ्या टेबलावर पुन्हा आली नाही. पुढे त्यांचा दम वाढत गेला, दवाखाने झाले, आणि एका दुपारी जेवून खिडकीपाशी बसले असताना ते गेले. मी शेजारच्या खोलीत औषधांच्या वेळांचा तक्ता नव्याने लिहीत होते. बरा दिवस आलाच नाही.

पल्लवी भेटायला आली तेव्हा रडली. “आजी, आम्ही आबाले लय चिडवलं वं. वानखेडेकाका म्हणाले, आबा, तुम्ही तं पलटीच मारली नं! आम्हाले वाटलं, आबा भांडतीन. ते म्हणाले, हो, पत्र माझंच आहे. माणूस बदलते.” मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. भाऊजी एक शब्द बोलले असते, वहिनीनं केलं, एवढाच, तर बाकावरची त्यांची जागा शाबूत राहिली असती. त्यांनी मला झाकलं आणि स्वतः उठून आले.

चौथा भाग त्यांच्यानंतर आला. मी एकटी जाऊन पाहिला. भैरू पाण्यातून वर आला तेव्हा शिट्ट्या झाल्या, मध्यंतरापर्यंत लोक आपसात गप्पा मारू लागले आणि शेवटी माझ्या मागचा माणूस बायकोला म्हणाला, “याच्यापेक्षा मेला होता तेच बरं होतं.” दिवे लागल्यावर मी दाराशी जाऊन उभी राहिले, भाऊजी राहत तशी, आणि चेहरे बघितले. आता तेच चाहते दिग्दर्शकाला शिव्या देतात की त्याने आपला सिनेमा दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिला. नील, तूही परवा तेच म्हणालास. भाऊजींचं खरं ठरलं, आणि हे ज्याला सांगावं असा एकच माणूस होता.

वही त्यांच्या उशाखाली सापडली. चिकटवलेलं उत्तर तिथेच आहे. शेवटच्या पत्राच्या पुढची सगळी पानं कोरी आहेत, डावी आणि उजवीही. दिग्दर्शकाला आता खरं पत्र पाठवून काही होणार नाही. सिनेमा झाला. भाऊजी गेले. मी गाळलेली पाच वाक्यं इथे उतरवते आहे. एकही शब्द सुधारलेला नाही.

“माझा मोठा भाऊ गेला तेव्हा मी बी ओरडलो होतो, याले परत आणा म्हणून. डॉक्टरले म्हणलो, भिंतीले म्हणलो. कोणी आणून देला असता तं मी घेतला असता, खोटा असता तरी घेतला असता. म्हणून सांगतो साहेब, आमचं ऐकू नका. आम्ही रडून राहिलो, आम्हाले काय समजते.”

वही माझ्याकडे आहे. तिच्या डाव्या पानावर ही वाक्यं त्यांच्या अक्षरात आहेत. एवढंच उरलं आहे.