उंबऱ्याबाहेरचे मामा

माझ्या जावेच्या मामांइतका दाराबाहेर उभा राहिलेला माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा सापडायचा नाही. पोस्टमन पत्र टाकून पुढे जातो, दूधवाला बाटली ठेवून जातो. मामा उभे राहत. नॉटिंगहॅमला कोर्टात ते बेलिफ होते. जजसाहेब निकाल देऊन जेवायला मोकळे होतात, पण तो निकाल कोणाच्या तरी दारापर्यंत न्यावा लागतोच. ते काम पूर्वी शेरीफची माणसं करत, आणि दोन हजार सालच्या सुमाराला मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या भागात ते मामा करत होते. शेरीफ हा शब्द रॉबिन हूडच्या या गावात आधीच बदनाम, त्यात मामांचा चेहरा गंभीर, कोट काळा. गल्लीच्या तोंडाशी त्यांची गाडी दिसली की पडदे ओढले जात.

आता या नोकरीचा एक नियम असा, की थकलेल्या कर्जापोटी जप्त करायच्या सामानाची यादी करायला बेलिफ आला तर त्याने दार लोटून घरात घुसायचं नाही. आतल्या माणसाने बोलावलं तरच पाय टाकायचा. घर रिकामं करून घ्यायचा हुकूम असेल तर गोष्ट वेगळी, पण मामांना ती कामं मनापासून नकोशी होती. नियम नोकरीपुरता होता, मामांनी तो हाडीमासी खिळवला. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा मी दार उघडून, आपल्या पद्धतीप्रमाणे, चहाचं आधण ठेवायला आत पळाले. आधण उकळलं, चहा झाला, निवला, तरी मामा येईनात. जाऊन बघते तर हे पायपुसण्यावर, खांद्यावर बर्फाचा भुगा. मी वैतागून विचारलं, "अहो मामा, दार उघडंच आहे की." ते शांतपणे म्हणाले, "दार उघडं असणं वेगळं आणि या म्हणणं वेगळं. कोर्टात हा फरक फार मोठा आहे." मी कपाळावर हात मारला आणि या म्हटलं.

आत आल्यावरही सुटका नसे. बेलिफ होण्याआधी ते कोर्टाच्या दारावर सिक्युरिटीला होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासायच्या, खिसे रिकामे करायला लावायचे. त्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, कोणाच्याही घरी गेलं की ते स्वतःच किल्ल्या, सुटी नाणी, घड्याळ काढून द्यायचे. मी त्यासाठी चपलांच्या स्टँडवर एक स्टीलची ताटली कायमची ठेवून दिली. मग सोफ्यावर टेकत आणि नजर खोलीभर फिरे. टीव्ही उचलता येईल, सोफा येईल पण जिन्यात अडकेल, गादी आणि पांघरुणं सोडायची, ज्यावर पोट चालतं ते हत्यार सोडायचं. आमच्या ह्यांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, स्टेथोस्कोपला त्यांनी अभय दिलं होतं. एका दिवाळीत माझा चकलीचा सोऱ्या हातात घेऊन बराच वेळ विचार केला आणि हाही उचलता येत नाही, असा निकाल दिला. इतकं कौतुक माझ्या चकल्यांचं सासूबाईंनीसुद्धा केलं नाही.

हसायचो आम्ही. पण ज्याने दार वाजवलं की घरातली माणसं दिवे मालवून गप्प बसतात, त्याच्या मनाचं काय होत असेल, हे मला उशिरा कळलं. मामी गेल्यावर ते घरात एकटे होते. त्यांच्या दारावर कोणी येत नसे, आणि ते ज्यांच्या दारावर जात त्यांना ते नको असत. रविवारी ते आमच्याकडे येत ते बहुधा तो एक शब्द ऐकायलाच.

त्यांची एकुलती एक लेक मिल्टन कीन्सला राहायची. तिने लग्न एका गोऱ्या मुलाशी केलं तेव्हा मामा काहीबाही बोलून गेले होते. तेव्हापासून बापलेकीत फोनवर हवापाण्यापुरतं बोलणं. दर दिवाळीला मामा फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे जात आणि लगेच परत फिरत. ती आत घेत नाही, एवढंच सांगत, आणि तो तिचा हक्कच आहे असंही म्हणत. मला त्या मुलीचा भयंकर राग यायचा.

एका वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवली. तिथले राउंडअबाउट, ते गोल चौक, संपता संपेनात. शेवटी घर आलं. मी गाडीतच बसून राहिले. मामांनी दार वाजवलं, लेकीने उघडलं, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता आत गेली. दार मात्र सताड उघडं. मामा पायपुसण्यावर उभे. मग त्यांनी वाकून डबा उंबऱ्याशी ठेवला आणि वळले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गाडीतून उतरले, त्यांना तिथेच थांबवलं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. लेक ओट्यापाशी उभी होती. दोन कपांत चहा ओतलेला, आणि ती रडत होती. "बघा ना काकू, एव्हरी दिवाळी हेच," ती म्हणाली. "मी दार ओपन ठेवते, त्याचा कप काढते, आणि तो डबा ठेवून जातो. बाबाला माझ्या घरात यायचंच नसतं."

"अगं, त्यांना या म्हण."

"बाबाला?" ती बघतच राहिली. "पण हा त्याचाच घर आहे ना."

तशीच ओल्या डोळ्यांनी ती बाहेर गेली आणि म्हणाली, "बाबा, आत या." मामांनी बूट पुसले, पुसतच राहिले. मग सवयीने किल्ल्या आणि नाणी काढली आणि ताटली शोधू लागले. लेकीने ओंजळ पुढे केली.

त्यानंतर त्यांचे रविवार मिल्टन कीन्सकडे गेले. आमची ताटली रिकामी राहायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईटच वाटलं. असे काही रविवार त्यांना मिळाले, फार नाही. एका हिवाळ्यात झोपेतच गेले. त्यांचं घर आवरायला लेकीसोबत मी गेले होते. तिने कुलूप काढलं, दार उघडलं. आतल्या बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर एक ताटली दिसत होती. आम्ही दोघी पायपुसण्यावरच थांबलो. या म्हणायला आत कोणी नव्हतं.