परीक्षकांचं ताट

दर वर्षी मार्चमध्ये आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि दर वर्षी त्या दिवशी मी कोंबडीच्या रश्शात मीठ बरोबर पडलंय का ते बघत असते. विषय मी शिकवते, कॉलेजच्या बाजूची परीक्षकही मीच. पण विभागात बाई एकटी मी, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे. ती मला कोणी आणि कधी दिली ते आठवत नाही. बहुतेक मी रुजू झाले त्याच दिवशी ती माझ्या खुर्चीवर ठेवलेली असावी.

जव्हारहून मोखाड्याकडे येताना रस्त्याला लागून आमचं कॉलेज आहे. मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची. भात आणि नागली पिकवणाऱ्या घरांतली, बहुतेकांच्या घरात कॉलेज बघणारं पहिलंच माणूस. विद्यापीठ शहरातल्या कुठल्या तरी प्राध्यापकांना परीक्षक म्हणून पाठवतं. त्यांना आणायला नाशिकला गाडी जाते. ते येतात, पोहे खातात, प्रयोगशाळेत एक फेरी मारतात, मुलांना गाव विचारतात. मग जेवण. मग शिरपामाळावर सूर्यास्त बघणं, महाराज इथे मुक्कामाला होते हे ऐकणं, फोटो. या सगळ्याच्या मध्ये कुठे तरी गुणपत्रकावर सह्या होतात. कोणी कोणाला पाकीट देत नाही, तसं आमच्याकडे कधीच झालं नाही, हे आमचे प्राचार्य छातीवर हात ठेवून सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत.

कोंबड्या मुलांचे बाप स्वतःहून आणून देतात. त्यांच्याकडे कोणी मागत नाही. पाहुणा उपाशी गेला तर ते पाड्याला कमीपणाचं वाटतं आणि परीक्षक हा त्यांच्या दृष्टीने लांबून आलेला पाहुणा. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरचे एक बाबा काखेत कोंबडी धरून फाटकाबाहेर उभे होते, ते मला अजून दिसतात. आत या म्हटलं तर येईनात. आत परीक्षा चाललीये, आपण कशाला, म्हणाले. साहेबांना तिखट चालतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आता या माणसाला, ही लाच आहे, असं तुम्ही सांगा बघू. मला नाही जमलं.

आणि आत काय चाललेलं असतं? टेबलांवर मायक्रोस्कोप ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकाखाली विकत आणलेली तयार काचपट्टी. खोडाचा आडवा काप, रंगवलेला, चिकटवून पक्का केलेला. मी नोकरीला लागले तेव्हापासून त्याच पट्ट्या आहेत. नियमाप्रमाणे मुलांनी स्वतः खोड घ्यायचं, ब्लेडने त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, बघायचे आणि जे दिसेल ते काढायचं. प्रत्यक्षात मुलं जर्नलमधली आकृती पाठ करून येतात आणि कागदावर उतरवतात. मायक्रोस्कोपला डोळा लावायची वेळ कोणावर येत नाही. ब्लेडची पाकिटं कपाटातच गंजतात. मार्क मात्र सगळ्यांना भरघोस.

ती मुलगी या सगळ्याला आडवी आली. कोंबडी घेऊन आलेल्या त्या बाबांचीच मुलगी. तिचा थोरला भाऊ आमच्याकडूनच पदवी घेऊन गेला होता, चांगल्या मार्कांनी. नाशिकला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेला, तर तिथल्या साहेबांनी त्याच्यासमोर मायक्रोस्कोप ठेवला आणि म्हणाले, लाव. त्याला तो लावता आला नाही. साहेब रागावले नाहीत, हसले, आणि तुमच्या कॉलेजची मुलं अशीच येतात म्हणाले. भाऊ परत आला तो पुन्हा कुठे मुलाखतीला गेला नाही. आता ठाण्याच्या बाजूला बांधकामावर असतो आणि घरी आला की अर्धं हिंदी बोलतो.

हे तिने मला जानेवारीत सांगितलं, अगदी सरळ, तक्रार न करता. तिला एम.एस्सी. करायचं होतं आणि भावासारखं तोंडघशी पडायचं नव्हतं. म्हणून काप कसा घेतात ते शिकवा म्हणाली. खरं सांगते, मला आधी वैताग आला. आधीच कामं काय कमी आहेत? मग वैतागाचीच लाज वाटली आणि मी ब्लेडचं पाकीट फोडलं. माझ्या परसातल्या सूर्यफुलाची खोडं आम्ही रोज तास संपल्यावर कापत बसायचो. तिची बोटं कापली, माझी कापली. सुरुवातीला तिचे काप काकडीच्या चकत्यांएवढे जाड यायचे. मी तिला कोशिंबीर करायला घे म्हणून चिडवायची. फेब्रुवारी संपता संपता एक काप असा आला की पाण्यात टाकल्यावर दिसेचना. ती इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

परीक्षेच्या दिवशी जेवणापर्यंत सगळी मुलं कागद देऊन व्हरांड्यात गेली. ती जागेवरच होती. मी हाताला मसाल्याचा वास घेऊन प्रयोगशाळेत आले तर ती तिच्या कापावर थेंब थेंब पाणी सोडत बसली होती. काप वाळतोय म्हणाली. सर बघायला कधी येतील?

सर जेवत होते. साधा, मऊ आवाजाचा माणूस. रश्शाचं तोंडभर कौतुक करत होते. त्यांचे हात धुऊन होईपर्यंत शिरपामाळाला न्यायची गाडी दाराशी लागली. एका मुलीचं तपासायचं राहिलंय, असं मी सांगितलं. प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणात खडा टाकला. सरांनी हसून, सगळ्यांना पोटभर मार्क दिलेत की मॅडम, म्हणून विषय संपवला. तेवढ्यात ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

"सर, मला नुसते मार्क नकोत," ती म्हणाली. "बघून द्या. कमी पडले तरी चालतील."

मग सर उठले आणि तिच्यामागून प्रयोगशाळेत गेले.

नंतरचा वेळ मी विसरणार नाही. स्टुलावर बसून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. शिक्षक दिसायला लागला. पाणी वर नेणाऱ्या नळ्या कुठल्या, अन्न नेणाऱ्या कुठल्या, मधला थर कशासाठी, ते विचारत गेले. तिने काही बरोबर सांगितलं, काही ठिकाणी गडबडली, एका थराचं नाव साफ चुकली. काप एका बाजूने जाड होता आणि रंगही जास्त बसला होता. त्यांनी ब्लेड हातात घेऊन, मनगट न हलवता कसं कापायचं ते दाखवलं आणि तिच्याकडून परत करून घेतलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. त्या दिवशी सूर्य शिरपामाळावर एकटाच मावळला. मला तर इतका आनंद झाला होता की त्या रात्रीची भांडीसुद्धा मी गुणगुणत घासली असती.

पण त्याआधी गुणपत्रक समोर आलं. तिला मिळाले होते निम्म्याहून थोडे जास्त. बाकीच्या सगळ्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी. मी विचारलं, हे असं कसं? सर ओशाळले. बाकीच्यांची परीक्षा मी घेतलेलीच नाही, मग त्यांचे कमी कसे करू, म्हणाले. मग हिचे वाढवा, मी म्हटलं. तर म्हणाले, तिनेच बघून द्या म्हणून सांगितलं, आता बघितल्यावर वाढवले तर तिची फसवणूक होईल. दोन्ही मुद्दे त्यांनी अगदी मनापासून मांडले. मी सही केली. निघताना त्यांनी माझे आभार मानले. किती तरी वर्षांनी परीक्षा घेतली म्हणाले.

एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी लागली तेव्हा तिच्या वर्गातल्या चौघांची नावं त्यात होती. तिचं नव्हतं. लेखी पेपरात ती त्या चौघांच्याही पुढे होती, प्रात्यक्षिकाने तिला खाली ओढलं. तिला घेऊन मी ती यादी लावणाऱ्या शहरातल्या कॉलेजात गेले. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मार्क तुमच्याच कॉलेजने दिलेत ना? हो म्हटलं. मग बाकीच्यांचे खोटे आहेत असं लिहून देता का? माझ्या शेजारी ती मुलगी बसली होती. त्या चौघांपैकी दोघं तिच्याच पाड्यावरची. मी तिच्याकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती. तिथे मी काही लिहून दिलं नाही.

परतीच्या वाटेवर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आल्या आल्या मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, कोणाचंही नाव न घेता. परीक्षकांची उतरायची आणि जेवायची सोय कॉलेजने करू नये, विद्यापीठाने करावी. कोणी कुठलं खोड कापायचं ते आयत्या वेळी ठरावं. तयार पट्ट्या परीक्षेच्या दिवशी कपाटात बंद असाव्यात. यात अवघड काय आहे? याला ना समिती लागते ना चर्चासत्र. उत्तर म्हणून प्रयोगशाळेत कॅमेरा बसवावा असा आदेश आला. आम्ही बसवला. कॅमेऱ्यात मुलं मायक्रोस्कोपवर वाकलेली छान दिसतात. खाली काय आहे आणि ते कोणी कापलंय, हे कॅमेऱ्याला कुठून कळणार?

मग मी प्राचार्यांकडे गेले. निदान आपण तरी या वर्षापासून सगळ्यांची खरी परीक्षा घेऊ म्हटलं. ते स्वतः इथल्याच एका पाड्यावरून शिकून वर आलेले. त्यांनी मला बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की निकाल पडला तर पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतील, प्रवेश कमी झाले तर विज्ञानाची तुकडी बंद पडेल, आणि मग इथल्या मुलींना नाशिकला कोण पाठवणार आहे? लग्नं लावून मोकळे होतील. हे ते मला गप्प करायला बोलत नव्हते. त्यांना ती भीती खरीच वाटते. मलाही वाटते. याचाच मला जास्त राग येतो, की इथला लबाडपणा लबाड माणसं करत नाहीत. मुलींचं भलं व्हावं म्हणून, पाहुण्याचा मान राहावा म्हणून, चांगली चांगली माणसं एकमेकांच्या हाताला हात लावून तो उचलून धरतात. एकाने हात काढला तर ओझं नेमकं सगळ्यांत कच्च्या खांद्यावर पडतं.

तरी शनिवारी काप शिकवायचा तास मी सुरू केला. पहिल्या शनिवारी वर्ग भरला. दिवाळीनंतर तिघं उरले आणि मार्चपर्यंत एकही नाही. एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, मॅडम, त्या ताईला येत होतं, तिचं काय झालं? मार्चमध्ये मी मीठ चाखायला गेले नाही. जेवण शेजारच्या विभागातल्या सरांनी बघितलं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं. सह्या पूर्वीसारख्याच झाल्या.

ती मुलगी आता मोखाड्याला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करते. आठवडी बाजाराच्या दिवशी तिच्यापुढे रांग असते. या जूनमध्ये ती धाकट्या बहिणीला घेऊन कॉलेजात आली. फॉर्म तिनेच भरला होता. मला बरं वाटलं. एवढं होऊनही ती बहिणीला आमच्याकडेच आणते म्हणजे तिच्या मनात माझ्याबद्दल राग नसावा, असं मी स्वतःला सांगितलं. मी त्यांना प्रयोगशाळेत बसवून कागद बघायला लागले. तर ती खुर्ची जरा पुढे ओढून, हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं व्हतं. हिचं सगळ्यांसारखंच करा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मला तो चालला असता. मी काही तरी बोलायला गेले, की आता तसं नाही, मी प्रयत्न करतेय, शनिवारी तास असतो. ती ऐकत होती आणि मान डोलावत होती, आपण वयस्कर माणसांचं ऐकतो तशी.

धाकटी तोवर उठून टेबलापाशी गेली होती. मायक्रोस्कोपवरचं फडकं तिने बाजूला केलं, नळीवर हात फिरवला आणि वाकून डोळा लावला. एक डोळा मिटायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं, दोन्ही उघडे ठेवून ती खटपट करत होती. मग तिने विचारलं, ताई, यात काय दिसतं गं?

"त्यात बघावं लागत नाय," थोरली म्हणाली आणि तिने फडकं परत त्याच्यावर टाकलं. "चल, जीप सुटंल."