साडूंचा गुरुवार

देवानं माणसांना जिभा वाटताना आमच्या साडूंना रांगेत दोनदा उभं राहू दिलं असणार, आणि त्यांच्या लगेच मागे मी असणार. कारण माझा नंबर लागला तेव्हा चांगला माल संपलेला होता. याचा पुरावा मी त्यांच्यासमोरच दिला, दुबईच्या सतवा भागातल्या एका व्हिएतनामी नूडल सूपच्या दुकानात. पहिल्यांदाच गेलो होतो. टेबलावर आधी एक ताट आलं: मोड आलेली कडधान्यं, तुळशीसारखा वास येणारा पाला, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, मिरचीच्या चकत्या. मला वाटलं, कोशिंबीर आली, दाण्याचं कूट घालायचं तेवढं विसरले बिचारे. भूक लागलेली होतीच. सूपचे वाडगे येईपर्यंत मी ते ताट लिंबं पिळून, मीठ मागून, एकट्यानं साफ केलं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "बाबा, दॅट वॉज फॉर एव्हरीवन." तो पाला प्रत्येकानं थोडाथोडा आपल्या सूपमध्ये घालायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. साडू हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मालकीणबाईंना खुणेनं दुसरं ताट आणायला सांगितलं आणि मला अगदी आस्थेनं विचारलं, "पाला कोवळा होता ना?" अपमान करणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. समजून घेणाऱ्याचं काय करायचं?

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, एका बांधकाम कंपनीत विटा-सिमेंटचे हिशेब करणारे, आणि दुबईत माझ्याआधी आलेले. मी मुंबईहून उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, म्हणजे पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या उपकारात. आम्ही करामात राहायचो, ते ऊद मेथात; मधे गाडीनं दहा मिनिटं. आणि साडूचा हेवा हा बाकीच्या हेव्यांपेक्षा फार वाईट. ऑफिसातल्या माणसाचा हेवा संध्याकाळी ऑफिसातच राहतो. साडूचा हेवा घरी येतो, आपल्या ताटाशेजारी पाट मांडून बसतो, आणि आपली बायको त्याला आग्रह करकरून वाढते.

आमच्या घरात "भाऊजींना विचारा" हे वाक्य दिवसातून निदान दोनदा व्हायचं. मासा ताजा आहे का, भाऊजींना विचारा. आंबा पिकायला किती दिवस, भाऊजींना विचारा. एकदा आमचा फ्रिज बिघडला तेव्हाही बायको असंच म्हणाली. मी म्हटलं, अगं, फ्रिज खायचा नाहीये. तिनं तरीही फोन केला, आणि तो माणूस फोनवरून आवाज ऐकून म्हणाला, मागची जाळी पुसा. मी पुसली. फ्रिज चालू झाला. त्या दिवशी मी दुपारचा जेवलो नाही.

खाण्याच्या बाबतीत तर त्यांचे नियम आणि बाकीच्यांची श्रद्धा. कुठल्याही हॉटेलात ते मेनूकार्ड हातात घेत नसत. सरळ आत जाऊन आचाऱ्याला विचारत, "आज तुम्ही काय जेवलात?" आणि तेच मागवत. मी हा प्रयोग करामातल्याच एका हॉटेलात करून पाहिला. आचारी म्हणाला, "हमारा रोज़ा है, साब." सूप समोर आल्यावर पहिले तीन चमचे नुसते घ्यायचे, लिंबू नाही, पाला नाही, मिरची नाही, आणि मुख्य म्हणजे बोलणं नाही. सूपला ते पाणी म्हणत. "आधी पाणी प्या. पाण्यावरून घर कळतं." सगळं टेबल मग मुंज लागल्यासारखं गप्प बसायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या पाण्याचा वास घेऊन आतला ऐवज सांगितला: चक्रीफूल, दालचिनी, लवंग, जाळावर भाजलेला कांदा, भाजलेलं आलं. मालकीणबाई ठेंगण्या, कडक, कुणाला फारसं न हसणाऱ्या. त्या एकदम हसल्या आणि त्यांना 'सर' म्हणायला लागल्या. साडू आम्हाला म्हणाले, "हे परकं नाही हो. आपल्या भाजक्या वाटणाची सख्खी मावशी आहे, लग्न करून लांब दिली एवढंच." पुढच्या खेपेला त्यांनी बाईंना घरचा गोडा मसाला नेऊन दिला. मी त्या दुकानात दहा वर्षांहून जास्त गेलो. बाई मला शेवटपर्यंत 'सरचा फ्रेंड' म्हणाल्या.

पण त्यांची खरी थोरवी गुरुवारात. आमच्याकडे तेव्हा सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे सगळ्या दुबईची बाहेर जेवायची रात्र गुरुवारची. आणि माझ्या बायकोचा दत्ताचा गुरुवार. बारा वर्षांच्या संसारात मी विनवण्या केल्या, रागावलो, एकदा तर उपाशी झोपलो, पण गुरुवारी तिनं मला अंडंसुद्धा दाखवलं नव्हतं. साडूंनी हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. ते म्हणाले, "हे बघ, या देशात दिवस मावळला की वार बदलतो. मगरिबची अजान झाली की इथे शुक्रवार लागला. ज्या देशाचं मीठ खायचं त्याचंच पंचांग पाळायचं." बायको क्षणभर विचारात पडली, आणि त्याच संध्याकाळी अजान झाल्यावर सतव्यात बसून तिनं चिकनचं सूप वाडगा उचलून प्यायलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या बारा वर्षांच्या विनवण्या त्या वाडग्याच्या तळाशी दिसत होत्या. मी त्यांना कोंडीत पकडायचं ठरवलं. म्हटलं, "असं असेल तर बुधवारी सूर्य मावळल्यावर गुरुवार लागतो. मग बुधवारी रात्री मासे बंद का?" साडू म्हणाले, "अर्थातच." बायको म्हणाली, "हो, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं." अशा रीतीनं माझी बुधवारची सुरमई मीच घालवली.

तेव्हापासून गुरुवार साडूंचा झाला. त्यांची पांढरी गाडी खाली यायची, दोनदा हॉर्न वाजायचा, आणि मी "यल्ला, निघू या" म्हणेपर्यंत माझी मुलगी जिन्यावरून खाली पोचलेली असायची. त्यांनीच तिला काड्यांनी खायला शिकवलं, आधी पेन्सिली धरून, मग शंकरपाळ्यांवर सराव करून. दहाव्या वर्षी ती एकेक शेंगदाणा उचलायला लागली. मी मात्र नूडल काड्यांत धरलं की ते परत वाडग्यात उडी घ्यायचं आणि शर्टावर नकाशा काढायचं. मी ऑफिसात दार लावून दोन पेन्सिलींनी टाचण्या उचलण्याचा सराव केला. शेजारच्या केबिनमधला केरळी सहकारी आत डोकावला आणि काळजीनं म्हणाला, "हाथ को क्या हुआ? फिजिओथेरपी?" मुलीला ताप आला की तिला माझ्या हातची पेज नको, 'काकाचं सूप' हवं असायचं. साडू थर्मासमधून ते घेऊन यायचे आणि दारातूनच परत जायचे, म्हणजे मला चहा विचारायचीही संधी नाही. तापात ती त्यांचं नाव घ्यायची आणि उशाशी मी बसलेलो असायचो. हे मी कुणाला सांगितलं नाही, आज लिहितोय.

ती बारावी झाली आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. शुक्रवारी सकाळचं विमान. म्हणजे आदल्या दिवशीचा तो शेवटचा गुरुवार. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की हा एक गुरुवार माझा असला पाहिजे. दहा वर्षांत एकदा तरी मुलीनं माझ्या गाडीतून, माझ्या सांगण्यावरून, माझ्यासमोर ते सूप प्यावं. पुढे तिला सतवा आठवेल तेव्हा त्या आठवणीत एका खुर्चीवर मी असावं, सगळ्यांचा पाला खाऊन टाकणारा का होईना. बुधवारी साडूंचा फोन आला. "मग उद्या साडेसहाला येतो, साडूबुवा." मी म्हटलं, उद्या नको, सामान बांधायचंय, पोरगी थकलीय, घरीच पिठलं-भात करू. ते म्हणाले, "बरोबर आहे. शेवटच्या दिवशी घरचंच खावं." मेहुणी तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीला गेलेली होती, म्हणजे साडू घरी एकटेच, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. आठवलं, आणि मी ते विसरायचं ठरवलं.

गुरुवारी अजान झाली आणि आम्ही तिघं निघालो. बायकोनं गाडीत विचारलं, भाऊजी परस्पर येणार आहेत का. मी म्हटलं, त्यांना काम आहे. दुकानात मी पुढे होऊन टेबल निवडलं, वाडगे मागवले, ताट आल्यावर त्याला हात लावला नाही आणि म्हटलं, "आधी नुसतं पाणी प्या." मुलगी हसली. "बाबा, यू साउंड जस्ट लाइक काका." मला हे वाक्य बरं वाटावं की वाईट, याचा निर्णय होईना. तीन चमचे झाल्यावर ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "वी शुड हॅव कॉल्ड हिम. इट्स वीअर्ड विदाउट हिम." मी तेच सांगितलं, काम होतं त्यांना. खोटं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं.

आणि मान वळवली तर मागच्या कोपऱ्यात, फिश टँकच्या पलीकडे, साडू बसले होते. एकटेच. समोर अर्धा वाडगा. गुरुवार होता, दुसरीकडे कुठे जाणार? मालकीणबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत काहीतरी बोलायला पुढे आल्या, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवून बाईंना थांबवलं. तेवढ्यात आमची नजरानजर झाली. उठून हाक मारायला किती वेळ लागतो? चौथी खुर्ची रिकामीच होती. मी हाक मारली नाही. घाबरून मी लाल सॉसची बाटली उचलली आणि मुलीच्या वाडग्यावर धरली. पलीकडून त्या माणसाला राहवलं नाही. त्यांनी हळूच मान हलवून बोटानं दाखवलं: सूपमध्ये नको, बाजूच्या वाटीत. मी वाटीत ओतलं. मुलगी म्हणाली, "वॉव, बाबा. यू नो." मी पुन्हा तिकडे पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि वाडग्यात सूप तसंच होतं. साडूंनी वाडग्यात काही टाकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर ते आमच्याआधी हजर होते. मुलीसाठी शंकरपाळ्यांचा डबा आणि काड्यांचा एक जोड घेऊन. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या, आणि कुणाच्या गळ्यात जास्त वेळ हे मी मोजलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. ती आत गेल्यावर बायको जरा लांब बाकावर बसली आणि आम्ही दोघं साडू काचेपाशी उभे राहिलो.

"पिठलं कसं झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"बरं झालं होतं."

"मीठ?"

"बेताचं."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी लावली होती तिकडे चालायला लागले. यानंतर कितीतरी गुरुवार ते आले, हॉर्न वाजवला, आम्ही गेलो. पुढे ते निवृत्त होऊन नाशिकला गेले. त्या संध्याकाळबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही आणि मीही धीर केला नाही. आता फोनवर बोलतो तेव्हा गप्पा माशांवर, आंब्यांवर होतात.

त्या दिवशी आम्ही विमानतळावरून परतत होतो. गरहूदच्या पुलावर गाडी आली तेव्हा बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "काल भिंतीवरच्या आरशात मला भाऊजी दिसत होते. तुम्ही आत्ता हाक माराल, मग माराल, म्हणून मी वाट बघत बसले."